विषमज्वराची उधारी

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की शहरांतील दवाखान्यांपुढच्या रांगा लांबू लागतात आणि वृत्तपत्रांतून आरोग्य खात्याचे एक ठरावीक पत्रक प्रसिद्ध होते. पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, ताप अंगावर काढू नये. या पत्रकातील एकही विधान चुकीचे नसते. परंतु व्याकरणाच्या शिक्षकाने ते तपासावयास घेतले तर एक गोष्ट त्याच्या चटकन ध्यानात येईल. प्रत्येक वाक्याचा अध्याहृत कर्ता नागरिक आहे. पाणी ज्या नळातून येते तो नळ घालणारी आणि ज्या गटाराशेजारून तो नळ जातो ते गटार बांधणारी संस्था एकाही वाक्यात कर्ता म्हणून येत नाही. टायफॉइड अथवा विषमज्वर, ज्याला जुनी पिढी मुदतीचा ताप म्हणत असे, त्याच्याविषयीची सार्वजनिक समजूतही या पत्रकासारखीच एकांगी आहे. अस्वच्छ राहणाऱ्या माणसाला होणारा, गोळ्या घेतल्या की बरा होणारा आणि दरवर्षी येऊन जाणारा एक आजार, अशी त्याची ओळख झाली आहे. या समजुतीची किंमत समाज गेली कित्येक दशके मोजीत आहे, आणि ती किंमत आता वाढू लागली आहे.

विषमज्वराला कारणीभूत होणारा जिवाणू ‘साल्मोनेला टायफी’ या नावाने ओळखला जातो. कार्ल एबर्थ याने तो १८८० साली रुग्णांच्या शरीरात प्रथम पाहिला व १८८४ साली गेऑर्ग गाफ्की याने तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. त्याच्याविषयीची एक माहिती बाकी सर्व माहितीहून महत्त्वाची आहे. हा जिवाणू माणसाखेरीज अन्य कोणत्याही प्राण्यात घर करीत नाही. अंडी व कोंबडीच्या मांसातून पसरणारे त्याचे भाऊबंद निराळे. ते पशुपक्ष्यांत राहतात आणि त्यांचा बंदोबस्तही निराळा आहे. विषमज्वराचा प्रत्येक रुग्ण मात्र एका गोष्टीचा पुरावा असतो. कोणा दुसऱ्या माणसाच्या मलमूत्राचा अंश अन्नातून अथवा पाण्यातून त्याच्या पोटात गेला आहे. हे वाक्य सभ्य संभाषणात बसणारे नाही, हे खरे. परंतु ते टाळल्यामुळेच या रोगाची चर्चा ‘बाहेरचे खाणे’, ‘हवेतला बदल’ अशा मोघम शब्दांभोवती फिरत राहते.

पोटात गेलेला जिवाणू आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत वाढतो. ताप एकदम न येता पायरीपायरीने चढत जातो. डोके व पोट दुखते, अन्नावरची वासना उडते, काहींना बद्धकोष्ठ होते तर काहींना जुलाब. उपचार झाला नाही तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यातून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, आणि रुग्ण दगावतो तो बहुधा त्यामुळे. औषधे नव्हती त्या काळात शंभरांतील दहा-वीस रुग्ण मरण पावत असत. वेळेवर योग्य औषध मिळाले तर हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली जाते. तरीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ९० लाख लोकांना विषमज्वर झाला आणि सुमारे १ लाख १० हजार लोक त्याने मेले. त्यांतील फार मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या रोगाचे सर्वांत घातक वैशिष्ट्य त्याच्या विलंबात आहे. जिवाणू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारणतः एक ते दोन आठवडे जातात, कधी त्याहूनही अधिक. या अवधीत मनुष्याने कचेरीच्या उपाहारगृहातील चटणी खाल्लेली असते, एखाद्या लग्नात सरबत घेतलेले असते, प्रवासात स्थानकावरचे पाणी प्यालेले असते. दोष कोणाचा, हे त्याला कधीच कळत नाही. बाजारपेठ वाईट माल विकणाऱ्याला शिक्षा करते, असे पाठ्यपुस्तक सांगते. परंतु त्यासाठी गिऱ्हाइकाला, निदान माल वापरून झाल्यावर तरी, तो वाईट होता हे कळावे लागते. नासलेले दूध विकणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी जात नाही. विषमज्वराचा जिवाणू असलेले दूध विकणाऱ्याकडे पंधरा दिवस सगळे जातात, आणि सोळाव्या दिवशी आजारी पडून उगाच भजीवाल्याला दोष देतात. स्वच्छ माल विकणाऱ्याला त्याच्या स्वच्छतेची किंमत मिळत नाही व अस्वच्छ माल विकणाऱ्याला दंड बसत नाही. अशा ठिकाणी ‘ग्राहकाने सावध राहावे’ हा उपदेश आर्थिक धोरण म्हणून निरुपयोगी ठरतो.

औषधाच्या आधीची घट

विषमज्वर हा केवळ गरीब देशांचा रोग कधीच नव्हता. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट १९१२ साली याच तापाने वारला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९०० साली दर लाख लोकसंख्येमागे सुमारे शंभर जणांना हा रोग होत असे. १९२० साली हा आकडा ३३.८ वर आला आणि १९५० साली १.७ वर. या आकड्यांशेजारी आणखी एक वर्ष लिहून ठेवणे उपयुक्त ठरेल. विषमज्वरावर गुणकारी ठरलेले पहिले औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, वापरात आले ते १९४८ साली. याचा अर्थ उघड आहे. त्या देशातील विषमज्वर औषध येण्यापूर्वीच बहुतांशी गेला होता. वाळूच्या गाळण्यांतून पाणी गाळणे, १९०८ साली जर्सी सिटीपासून सुरू झालेले पाण्याचे नियमित क्लोरिनीकरण, मैलापाण्याची बंद गटारे, दुधाचे पाश्चरीकरण आणि अन्नविक्रीवरील देखरेख यांनी तो घालविला. यांपैकी कोणत्या उपायाला किती श्रेय द्यावयाचे याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पाणी गाळण्याच्या यंत्रणेला प्रारंभी दिलेले श्रेय नंतरच्या संशोधकांना अवाजवी वाटले. परंतु हा वाद सार्वजनिक उपायांच्या आपापसांतील वाटणीचा आहे. त्यात प्रतिजैविकांना वाटा मागता येत नाही, कारण ती त्या वेळी अस्तित्वातच नव्हती.

भारतात हा क्रम उलटा झाला. नळ आणि गटारे अपुरी असतानाच औषध येऊन पोहोचले, तेही स्वस्त आणि अद्भुत वाटावे इतके परिणामकारक. तीन-चार आठवडे चालणारा ताप चार-पाच दिवसांत उतरू लागला. ज्या घरांतून विषमज्वराने माणसे गेली होती, त्यांना हा चमत्कार वाटला यात नवल नाही, आणि असंख्य प्राण त्याने वाचविले हेही निर्विवाद आहे. परंतु त्याचा एक राजकीय परिणाम झाला. ज्या रोगाने माणसे मरत नाहीत त्या रोगासाठी नगरपालिकेच्या दारात कोणी मोर्चा नेत नाही. जलवाहिन्या बदलण्यास कोट्यवधी रुपये लागतात, रस्ते खणावे लागतात, आणि निवडणुकीपर्यंत जमिनीखाली गेलेल्या कामाचे चिन्हही दिसत नाही. उलट गोळ्यांचा खर्च रुग्ण आपल्या खिशातून करतो आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. स्वच्छ पाण्याची जागा औषधाने घेतली. एका अर्थाने समाजाने औषधाच्या परिणामकारकतेचे भांडवल उधार घेऊन त्यावर नळ-गटारांचा खर्च लांबणीवर टाकला.

या उधारीची मुदत कशी संपत गेली, हा इतिहास फार मागचा नाही. १९७२ साली मेक्सिकोत आणि त्याच वर्षी केरळात क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या विषमज्वराच्या साथी आल्या. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भारतातील जिवाणू क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन व कोट्रायमॉक्साझोल या तिन्ही जुन्या औषधांना एकाच वेळी जुमानीनासा झाला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. एका दशकाच्या आत त्याचीही धार बोथट झाली. त्यानंतर सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झीम आणि ॲझिथ्रोमायसिन यांच्यावर भिस्त राहिली. २०१६ च्या अखेरीस सिंध प्रांतातील हैदराबाद येथे असा प्रकार आढळला की त्यावर सेफ्ट्रियाक्सोनसह पाच गटांतील औषधे निष्प्रभ होती. तोंडाने घ्यावयाच्या औषधांपैकी ॲझिथ्रोमायसिन तेवढे शिल्लक होते. ते चालले नाही तर रुग्णालयात दाखल होऊन शिरेवाटे द्यावयाची महागडी कार्बापेनेम औषधे. ही साथ हजारो लोकांत पसरली. प्रत्येक नवे औषध जुन्याहून महाग असते, आणि दोन औषधांमधले अंतर कमी होत चालले आहे. नव्या प्रतिजैविकांच्या संशोधनात औषध कंपन्यांना फारसा नफा दिसत नाही, कारण नवे प्रतिजैविक जितके जपून वापरावे तितके चांगले, आणि जपून वापरावयाच्या मालावर धंदा उभा राहत नाही.

या संदर्भात निदानाचा प्रश्नही पुढे येतो. फर्नां विदाल याने १८९६ साली शोधलेली रक्तचाचणी आजही गल्लोगल्लीच्या प्रयोगशाळांतून ‘विडाल’ या नावाने केली जाते. ती स्वस्त आहे, निकाल लवकर मिळतो, आणि एकट्या चाचणीवर विसंबावे इतकी ती भरवशाची नाही. पूर्वी होऊन गेलेला विषमज्वर, पूर्वी टोचलेली लस किंवा दुसराच एखादा ताप यांमुळेही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. खात्रीचा मार्ग म्हणजे पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, रक्त घेऊन त्यातून जिवाणू वाढवून पाहणे. त्याला ‘ब्लड कल्चर’ म्हणतात. ती चाचणीही निम्म्याच्या आसपासच रुग्णांत जिवाणू पकडते, वेळ लागतो आणि खर्च अधिक येतो. परंतु कोणते औषध लागू पडेल हे तीच सांगते. रोजंदारीवरच्या कामगाराला हे परवडत नाही. म्हणून तो औषधाच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या नेतो, ताप उतरला की थांबतो, आणि अर्ध्या मेलेल्या जिवाणूंना औषधाची ओळख करून देतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याच्या हिशेबाने त्याचे वागणे तर्कशुद्धच असते. पूर्ण औषधाचा खर्च त्याचा आणि टिकून राहिलेल्या परिणामकारकतेचा लाभ सर्वांचा, अशी ही वाटणी आहे.

रिकाम्या नळाचा धोका

जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांत पिण्यायोग्य असते. ते घरापर्यंत तसेच पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे. नळाला दिवसातून दोन तास, कोठे एक दिवसाआड, तर कोठे आठवड्यातून एकदा पाणी येते. पाणी नसण्याच्या काळात जलवाहिनी रिकामी असते व तिच्यातील दाब नाहीसा होतो. सांधे निखळलेले असले, नळी गंजलेली असली आणि शेजारून गटार वाहत असले की बाहेरचे पाणी आत झिरपते. व्हॉल्व्हमन चावी फिरवितो तेव्हा नळाला प्रथम जे गढूळ पाणी येते, त्यात हे सारे असते. त्यातच कमी दाबामुळे घरोघरी नळाला थेट मोटारी लावल्या जातात. मोटार पाणी ओढते आणि पाण्याबरोबर फटीतून मैलाही ओढते. पुढे ते पाणी पिंपांत व गच्चीवरच्या टाक्यांत साठते. भारतीय मानकानुसार पाण्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेले असावयास हवे. वाटेत मैल्याशी गाठ पडली की ते तेथेच खर्ची पडते.

अखंड पाणीपुरवठा ही चैन नसून आरोग्याची बाब आहे, याचे प्रत्यंतर शेजारच्या कर्नाटकात मिळाले आहे. हुबळी-धारवाड येथे काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्यात आले आणि त्यांची तुलना तशाच परंतु खंडित पुरवठा असलेल्या प्रभागांशी करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण जुलाबांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु विषमज्वराचा रुग्ण असल्याचे सांगणाऱ्या कुटुंबांची संख्या अखंड पुरवठ्याच्या भागांत सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होती. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यात कराडजवळील मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले आहे. त्यासाठी महानगर असावे लागत नाही. पाणी मोजून द्यावे लागते, गळती शोधावी लागते आणि वापराप्रमाणे आकारणी करण्याचे राजकीय धैर्य लागते. या शेवटच्या अटीपाशीच बहुतेक नगरपालिकांचे प्रस्ताव अडतात.

शहर आणि खेडे यांविषयीच्या रूढ समजुतीला धक्का देणारी आकडेवारीही उपलब्ध आहे. २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता व वेल्लोर येथील नागरी वस्त्यांत आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथील ग्रामीण भागात पंधरा वर्षांखालील हजारो मुलांची सातत्याने पाहणी करण्यात आली. नागरी केंद्रांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ इतके रक्तपरीक्षेने सिद्ध झालेले रुग्ण आढळले. वढू परिसरात हा आकडा ३५ होता. खेडे अधिक स्वच्छ म्हणून हे घडले असे ठामपणे म्हणता येणार नाही. दाट वस्ती, एकाच जलवाहिनीवर अवलंबून असलेली हजारो घरे आणि शेजारून जाणारी गटारे ही शहराची खास देणगी आहे. येथे एका विरोधाभासाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणी-स्रोतांचे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सर्वेक्षण होऊन त्यांना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. टीसीएल पावडर संपली, विहिरीभोवती चिखल साचला, तर सरपंचाला लाल कार्ड स्वीकारावे लागते. शहरातील प्रभागाला असे कार्ड देण्याची पद्धत नाही.

सुशिक्षित मध्यमवर्गाने या प्रश्नावर शोधलेला तोडगा म्हणजे घरातील शुद्धीकरण यंत्र आणि कचेरीतील पाण्याचा जार. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे प्रतिपादन केले होते की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की माणसांपुढे दोन मार्ग असतात, तक्रारीचा आवाज उठविणे किंवा बाहेर पडणे; आणि ज्यांचा आवाज ऐकला गेला असता तेच आधी बाहेर पडले, तर संस्था सुधारण्याची शक्यता मावळते. नगरपालिकेच्या पाण्याबाबत नेमके हेच घडले आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांची पत्रे वृत्तपत्रांत छापून येतात, त्यांनी यंत्र विकत घेतले आणि पाणीपट्टीच्या चर्चेतून अंग काढून घेतले. परंतु त्या घरातील मुलगा महाविद्यालयाबाहेर पाणीपुरी खातो, गृहस्थ कचेरीजवळच्या टपरीवर ताक पितो. यंत्र घरातच राहते.

मेरी मॅलनचा धडा

रोगातून बरे झालेल्यांपैकी शेकडा दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात जिवाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो. त्यांना स्वतःला काहीही त्रास होत नाही. अशा वाहकांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही आयरिश स्वयंपाकीण. १९०६ साली ऑयस्टर बे येथे एका बँकरने भाड्याने घेतलेल्या घरातील अकरांपैकी सहा जण आजारी पडले. जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याने माग काढीत तिला शोधले. शिजविलेल्या पदार्थांतील जिवाणू उष्णतेने मरत. संशय गेला तो ताज्या पीच फळांच्या आइस्क्रीमवर. १९०७ साली तिला बेटावरील रुग्णालयात डांबण्यात आले आणि १९१० साली, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर, सोडण्यात आले. तिला काम मिळाले ते कपडे धुण्याचे, आणि त्याचा मोबदला स्वयंपाकापेक्षा कमी होता. काही वर्षांनी नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ साली एका प्रसूती रुग्णालयात पंचवीस जण आजारी पडले, दोघे दगावले, आणि ती पुन्हा पकडली गेली. १९३८ साली तिचा मृत्यू झाला तो त्याच बेटावर. तिची कथा बहुधा हट्टी बाईची कथा म्हणून सांगितली जाते. सरकारने तिची उपजीविका काढून घेतली व तिच्या जागी तितकेच वेतन देणारे काही दिले नाही, हा भाग त्यात दुय्यम ठरतो. तिचा अपराध नाकारण्याचे कारण नाही. रुग्णालयातील दोन मृत्यू खरे आहेत. परंतु उपाशी राहण्याची अट घालून आरोग्य सांभाळता येत नाही, हे त्या शहराला तेव्हाच कळावयास हवे होते.

मराठी शहरांतील गाडीवाल्याच्या बाबतीत दर पावसाळ्यात तेच घडते. पथक येते, गाड्या उचलल्या जातात, चटणी-पाणी गटारात ओतले जाते, आणि आठ दिवसांनी सर्व पूर्ववत होते. गाडीवाला एकाच बादलीत ताटल्या का बुचकळतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर पाण्याच्या किमतीत आहे. त्याच्याजवळ नळ नाही. दिवसभराचे पाणी तो कॅनमधून वाहून आणतो किंवा विकत घेतो. वाहत्या पाण्याखाली प्रत्येक ताटली धुवावयाची म्हटली तर त्याची दिवसाची कमाई पाण्यातच जाईल. जवळपास शौचालय नाही, हात धुण्याची सोय नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमात विक्रीची क्षेत्रे आखण्याची आणि तेथील नागरी सुविधांसाठी विक्रेत्यांकडून देखभाल शुल्क घेण्याची तरतूद आहे. शुल्क देण्यास बहुतेक गाडीवाले आनंदाने तयार होतील. ते आजही कोणाला ना कोणाला काही ना काही देतच असतात. नळ, साबण, वाहती मोरी आणि सार्वजनिक शौचालय असलेले एक विक्रीक्षेत्र उभारण्याचा खर्च वर्षभराच्या जप्तीच्या मोहिमांहून फार अधिक असेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

कायदे नाहीत अशी तक्रार मात्र कोणी करू नये. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा आहे. त्याखालील २०११ च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी, आणि त्याला आंत्रज्वर गटातील रोगांची लसही टोचलेली असावयास हवी. किती खानावळींतील आचाऱ्यांना ती टोचली जाते, हे ज्याने त्याने आपल्या परिचित खानावळीत विचारून पाहावे. २०१८ साली महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळा करण्याचा आदेश निघाला. गोठविल्याने जिवाणू मरत नाहीत, तेव्हा रसवंतीगृहातील बर्फाची लादी ज्या पाण्याची, त्या पाण्याचाच तो रस असतो. त्यामुळे हा आदेश शहाणपणाचा होता. स्वस्त बर्फ व खाण्याचा बर्फ यांच्या किमतीतील फरक जोवर आहे, तोवर त्याला रोजच्या तपासणीची जोड हवी.

लस हा अलीकडचा आणि खरोखर आशादायक उपाय आहे. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने तयार केलेल्या संयुग्मित लसीचा सार्वजनिक यंत्रणेमार्फत जगात पहिला वापर २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने केला आणि नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. मलावी देशातील चाचणीत या लसीचे संरक्षण चार वर्षांहून अधिक काळ सुमारे ७८ टक्के टिकल्याचे दिसून आले. सिंधमधील साथीनंतर पाकिस्तानने नोव्हेंबर २०१९ मध्ये नियमित लसीकरणात तिचा समावेश केला. असे करणारा तो पहिला देश होय. लहान मुलांच्या पालकांनी ती टोचून घ्यावी, हे निःसंशय. तथापि क्लोरॅम्फेनिकॉलच्या बाबतीत जे घडले ते लसीच्या बाबतीत घडू देऊ नये. लस आली म्हणून जलवाहिन्यांचा प्रस्ताव आणखी दहा वर्षे बासनात ठेवणारा आयुक्त सापडणे अवघड नाही. शिवाय लस एका जिवाणूला अडविते. फुटलेल्या नळातून काविळीचा विषाणू व पटकीचा जंतूही येतो, आणि त्यांना विषमज्वराच्या लसीशी काही देणेघेणे नसते.

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. जलवाहिन्या बदलण्याचे काम दीर्घ मुदतीच्या कर्जाखेरीज होणार नाही, आणि कर्ज फेडण्यासाठी पाणीपट्टी वाढवावी लागेल, हे नागरिकांना स्पष्ट सांगावे लागेल. परंतु ज्या कामाला फारसा पैसा लागत नाही तेही होत नाही, याचे उत्तर या प्रश्नात मिळत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन उरले आहे की नाही हे पाहण्याची चाचणी थेंबभर रसायनाची आहे. पाण्याला रंग चढतो की नाही ते डोळ्यांनी दिसते. खेड्यातील जलसुरक्षक ती करतो, शाळेच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यालाही ती करता येईल. धरणांतील पाणीसाठा आणि सोन्याचा भाव वृत्तपत्रांतून छापला जातो. प्रत्येक प्रभागातील क्लोरिनचा आकडा त्याच्या शेजारी दोन ओळींत मावेल. कनिष्ठ महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून पावसाळ्याचे चार महिने हे काम अंगावर घेतले, तर नगरपालिकेच्या नोंदवहीशी पडताळून पाहावयास दुसरी एक नोंदवही तयार होईल. नमुने कोठून घ्यावयाचे, एवढी एकच दक्षता त्यात बाळगावी लागेल. ते टाकीजवळच्या घरातून घेऊ नयेत. गल्लीच्या शेवटच्या नळावरून, पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत घ्यावेत.